बोटाखालची बाराखडी

विरार स्टेशनावरून आगाशी-अर्नाळ्याकडे जाणाऱ्या बसमध्ये तुम्ही कधी बसला असाल, तर एक गोष्ट तुमच्या नजरेस आलीच असेल. बोळिंजचा नाका येईपर्यंत खिडकीबाहेर पाहणारे लोक थोडे. बाकीच्यांच्या माना खाली आणि बोटे मोबाइलच्या काचेवर. शेजाऱ्याच्या पडद्याकडे पाहू नये हे खरे, पण गर्दीत नजर जातेच. आणि मग मौज दिसते ती अशी की, लिहिणारा मराठी, ज्याला लिहायचे तोही मराठी, मजकूरही मराठी. अक्षरे तेवढी इंग्रजी!

यात बिघडले कुठे, असे तुम्ही म्हणाल. एका विद्यार्थ्याच्या घरची हकीकत सांगतो. आईने गावाहून धाकट्या भावाकरवी निरोप लिहून पाठवला. तिला म्हणायचे होते, "गहू दळ, उद्या पाहुणे येणार." निरोप इंग्रजी अक्षरांत आला. मुलगा संध्याकाळी दुकानातून गहू आणि डाळ घेऊन घरी हजर! 'दळ' आणि 'डाळ' यांना इंग्रजी अक्षरांत निराळे रूप नाही. आमच्या वसईच्या पट्ट्यात तर 'वाडी' हा शब्द रोजचा. पण तोच इंग्रजी अक्षरांत लिहिला की केळीची वाडी, कोथिंबिरीची वडी आणि कोर्टातला वादी हे तिघे एकाच पंगतीला येऊन बसतात.

ही झाली हसण्यावारी न्यायची गोष्ट. दुसरी तशी नाही. एका महाविद्यालयातल्या हुशार मुलांनी आपणहून एक अ‍ॅप तयार केले. वेळापत्रक, सूचना, परीक्षेच्या तारखा, सगळे त्यात. मुलांचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण सूचना सगळ्या इंग्रजीत. जव्हारकडच्या एका मुलीच्या घरी फोन एकच, तोही आईजवळ. शिष्यवृत्तीची कागदपत्रे देण्याची शेवटची तारीख त्या फोनवर वेळेवर आली होती. आई मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. देवनागरी सावकाश का होईना वाचते. इंग्रजी अक्षरे मात्र तिला नुसत्या रेघोट्या. तारीख येऊन गेली. मुलीला कळले तेव्हा खिडकी बंद झाली होती.

मी त्या मुलांना विचारले, "बाबांनो, सूचना मराठीत का नाही दिलीत?" ती म्हणाली, "सर, मराठी टाइप करायला फार त्रास होतो." ती खोटे बोलत नव्हती. आपल्याच लिपीत लिहायचा त्रास होतो, तो का होतो आणि तो दूर करण्याचा प्रयत्न आपल्याजवळच एका विद्यापीठीय वातावरणात कसा झाला, हे आज तुम्हाला सांगायचे आहे.

आधी अ‍ॅप म्हणजे काय ते पाहू. मोबाइल ही नुसती पाटी समजा. त्या पाटीची व्यवस्था पाहणारी एक मूळ आज्ञावली असते. तुमच्याआमच्यापैकी बहुतेकांच्या फोनमध्ये ती अँड्रॉइड नावाची असते. ती असलेला पहिला फोन २००८ मध्ये बाजारात आला. या मूळ व्यवस्थेवर निरनिराळी कामे करणाऱ्या छोट्या आज्ञावल्या बसवता येतात. हवामान सांगणारी एक, पैसे पाठवणारी दुसरी. यांनाच आपण अ‍ॅप म्हणतो. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, आपण ज्यावर अक्षरे दाबतो तो कळफलक, म्हणजे कीबोर्ड, हेदेखील एक अ‍ॅपच असते. ते बदलता येते. अँड्रॉइडमध्ये ही मोकळीक आरंभीच्या काळापासून आहे. आयफोनवर बाहेरचा कळफलक बसवण्याची सोय २०१४ मध्ये झाली. म्हणजे एखाद्या विद्यापीठातल्या चार जणांच्या मनात आले, की मराठीसाठी चांगला कळफलक करावा, तर त्यांना फोनचा कारखाना काढावा लागत नाही.

आता अडचण कुठे होती ते पाहा. इंग्रजीला अक्षरे २६. ती फोनच्या अरुंद काचेवर तीन ओळींत आरामात बसतात. आपल्या मराठीत व्यंजने ३४, आणि प्रत्येकाची बाराखडी. ३४ गुणिले १२ म्हणजे ४०८ रूपे झाली. त्यात जोडाक्षरे मिळवा. एवढ्या कळा काचेवर बसवायच्या तर एकेक कळ तिळाएवढी होईल आणि तुमच्या-माझ्या बोटाखाली एका वेळी पाच सापडतील!

ही अडचण मोबाइलने नवी आणलेली नाही. भारतीय बनावटीचे पहिले टंकलेखन यंत्र गोदरेजने १९५५ मध्ये काढले. मराठी टंकलेखन यंत्रावर काम केलेल्या मंडळींना आठवत असेल, तिथे अक्षर सबंध नसेच. एक तुकडा इकडून, काना तिकडून, असे जुळवून अक्षर उभे करावे लागे. यंत्राला कळा मोजक्या, म्हणून लिपीने आपले अवयव सुटे करून दिले. पुढे संगणक आला. १९८६ मध्ये सरकारने भारतीय भाषांसाठी इन्स्क्रिप्ट नावाची एक प्रमाण मांडणी ठरवली. तीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला; आणि सर्व भारतीय लिप्यांना जागा त्याच. मांडणी शास्त्रीय खरी, पण ती दोन हातांच्या दहा बोटांसाठी आणि सराव करणाऱ्या माणसासाठी. बसमध्ये एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने लिहिणाऱ्यासाठी ती केलेली नव्हती.

आता आपल्या पवईकडे वळू. पवईची आयआयटी १९५८ मध्ये सुरू झाली. तिथे १९६९ पासून औद्योगिक अभिकल्पाचे एक केंद्र आहे. लोक त्याला आयडीसी म्हणतात. वस्तू माणसाच्या हाताला, डोळ्याला आणि डोक्याला सोयीची कशी करावी याचा विचार तिथे शिकवला जातो. देवनागरी अक्षराची तर तिथे जुनी परंपरा आहे. सुलेखनकार र. कृ. जोशी तिथे शिकवीत असत. संगणकावर वर्षानुवर्षे आपण जो 'मंगल' टंक पाहत आलो, तो त्यांच्याच हातचा.

याच केंद्रात प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्याबरोबर काम करणारी तरुण मंडळी भारतीय लिप्यांच्या लेखनाचा प्रश्न घेऊन बसली होती. २००४ मध्ये त्यांनी 'कीलेख' नावाच्या कळफलकाविषयी शोधनिबंध मांडला. कल्पना साधी, पण मुळाशी जाणारी. आपण शाळेत अक्षरे ज्या क्रमाने शिकतो, क-ख-ग-घ, च-छ-ज-झ, त्याच क्रमाने ती कळफलकावर का असू नयेत? ज्याने पाटीवर मुळाक्षरे गिरवली आहेत, त्याला अक्षर शोधत बसायला नको. पुढे मोबाइलची काच हाती आली आणि २०१३ मध्ये या मंडळींनी 'स्वरचक्र' नावाचा कळफलक अँड्रॉइड फोनसाठी विनामूल्य खुला केला. मराठी-हिंदीबरोबर पुढे गुजराती, कन्नड, तेलुगू अशा इतर भाषांसाठीही तो तयार झाला.

स्वरचक्र चालते कसे? काचेवर वर्गवारीने व्यंजने मांडलेली. तुम्ही 'क' वर बोट ठेवलेत की बोटाभोवती एक चक्र उमलते. त्याच्या पाकळ्यांवर का, कि, की, कु, कू, के, कै, को, कौ. बोट न उचलता हव्या त्या पाकळीकडे सरकवायचे आणि सोडायचे. अक्षर उमटले! नुसता 'क' हवा तर बोट जागच्या जागी उचलायचे. त्या चक्रात पाय मोडलेला 'क्' ही एक पाकळी आहे. ती घेतली की बाकीच्या कळांवर त्या 'क्' पासून होणारी जोडाक्षरे दिसू लागतात. ज्याला 'क्त' कसे फोडावे हे आठवत नाही, त्यालाही ते डोळ्यांनी पाहून उचलता येते.

गुरुजींनो, यातली युक्ती तुमच्या लगेच ध्यानात आली असेल. चारशे आठ कळा एकदम दाखवायच्या नाहीत. चौतीस दाखवायच्या, आणि ज्या अक्षरावर बोट आहे तेवढ्याचीच बाराखडी त्या क्षणी उलगडायची. वर्गात तुम्ही हेच करता. सबंध तक्ता फळ्यावर मांडता, पण छडी एका ओळीवर ठेवता.

ही युक्ती लागू पडते, कारण आपली लिपीच मुळात तशी आहे. आमच्या बोळिंजपासून जवळच सोपारे. तिथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले. त्याच सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, आणि १९५६ मध्ये भुईगावात नवव्याचा. लिपी ब्राह्मी, काळ ख्रिस्तपूर्व तिसरे शतक. त्या दगडावरही रीत हीच: व्यंजनाचा एक आकार, आणि स्वरासाठी त्याच आकाराला जोडलेली लहानशी रेघ. व्यंजन हा खांब आणि मात्रा ही त्याची फांदी. आपली देवनागरी त्याच ब्राह्मीची वंशज. कोरणाऱ्याच्या छिन्नीने जे केले तेच आज बोट करते. म्हणून "आपली लिपी यंत्राला सोयीची नाही" असे कोणी म्हणाले, तर त्याला विचारावे, बाबा रे, लिपी गैरसोयीची की यंत्र दुसऱ्या लिपीच्या मापाने बेतलेले?

आणखी एक गोष्ट शिक्षकांच्या उपयोगाची. कळ दाबल्यावर फोनमध्ये काय साठते? अक्षराचे चित्र साठत नाही. साठतो एक आकडा. जगातल्या लिप्यांना असे आकडे ठरवून देणारी युनिकोड नावाची व्यवस्था आहे. तीत 'क' ला २३२५, 'ळ' ला २३५५, तर ऱ्हस्व वेलांटीला २३६७ हा आकडा. आता 'कि' घ्या. हाताने लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो आणि 'क' मागाहून. पण युनिकोडमध्ये आधी २३२५ आणि मग २३६७. म्हणजे साठवण उच्चाराच्या क्रमाने, आणि वेलांटी अक्षराच्या डावीकडे नेऊन काढण्याचे काम टंकाचे, म्हणजे फाँटचे. 'कि' ला आधी काय, हा वर्गातला जुना वाद. यंत्राने कानाच्या बाजूने निकाल दिला म्हणायचा!

मराठीचे म्हणून काही हट्ट आहेत, तेही पुरवावे लागतात. 'आचार्यांना नमस्कार करा' आणि 'आचाऱ्यांना नमस्कार करा' यांत गुरू कोण आणि स्वयंपाकी कोण, हे एका 'ऱ्या' वर ठरते. या 'ऱ' ला युनिकोडमध्ये स्वतंत्र आकडा आहे, २३५३. 'बॅट' मधल्या चंद्राची सोय आधीपासून होती, पण 'अ' वर चंद्र असलेल्या सबंध अक्षराला स्वतंत्र आकडा २००८ मध्ये मिळाला. केवळ हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या कळफलकात ही अक्षरे शोधताना मराठी माणसाच्या नाकी नऊ येतात. तेव्हा असे काम आपली भाषा जाणणाऱ्यांनी करण्याला अर्थ आहे.

आता तुम्ही म्हणाल, हल्ली दोन अक्षरे लिहिली की फोन आपोआप शब्द सुचवतो. मग एवढी यातायात कशाला? हा प्रश्न पवईच्या अभ्यासकांनाही पडला होता. मराठीत शब्द सुचवल्याने खरोखर मदत होते का, यावर त्यांचा शोधनिबंध २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न का पडावा ते पाहा. इंग्रजी शब्दाची रूपे थोडी. आपला एक 'घर' शब्द घ्या: घराला, घरात, घरातला, घरातल्यांनाही, घराबाहेरच्यांनीसुद्धा. यंत्र 'घर' सुचवील. पण पुढची शेपटी तुम्हालाच लिहायची आहे. दरम्यान सुचवलेले शब्द वाचण्यात वेळ जातो तो वेगळाच.

याहून महत्त्वाची गोष्ट आहे ती बोलींची. आमच्या बोळिंज, नंदाखाल, निर्मळच्या भागात सामवेदी, म्हणजेच कादोडी बोलणारी घरे आहेत. डहाणू, तलासरी, जव्हारकडे वारली बोली आहे. तिथले मूल आपल्या आजीचा शब्द लिहायला गेले, की शब्द सुचवणारा फोन तो 'दुरुस्त' करतो आणि त्या जागी पुस्तकी शब्द बसवतो. आपला शब्द चुकीचा, अशी त्या मुलाची समजूत व्हायला किती वेळ लागणार? अक्षराला अक्षर जोडून लिहू देणारा कळफलक मात्र असा भेद करत नाही. जे कानाने ऐकले ते बोटाने लिहिता येते. शिक्षकांनी बोलीतली गाणी, म्हणी, झाडांची नावे मुलांकडून फोनवर लिहून घ्यायची असतील, तर ती आपोआप दुरुस्तीची सोय आधी बंद करून घ्यावी.

बोलून लिहिण्याची सोयही आता आहे. गूगलने २०१७ मध्ये इतर काही भारतीय भाषांबरोबर मराठीलाही ती दिली. वयस्कर माणसांना आणि ज्यांची नजर अधू आहे त्यांना ती वरदानच. पण बसच्या गलक्यात ती अडखळते, बोली ऐकून गोंधळते, आणि खाजगी गोष्ट चारचौघांत मोठ्याने बोलावी लागते ती वेगळीच. तेव्हा बोटाची बाराखडी सुटत नाही.

मग तुम्ही-आम्ही काय करावे? स्वरचक्रच हवे असा माझा आग्रह नाही. त्यानंतर मराठीचे आणखीही कळफलक आले आहेत. आपल्या फोनमध्ये बहुधा मराठी कळफलक आधीच असतो, फक्त जागा केलेला नसतो. सेटिंगमध्ये जाऊन भाषा आणि कीबोर्ड यांचे पान उघडा, तिथे मराठी निवडा. काही ठिकाणी मराठी निवडूनही इंग्रजी अक्षरांतून लिहायची मांडणी पुढे येते; तिथे देवनागरी अक्षरांची मांडणी घ्या. पहिले चार दिवस बोट चाचपडेल. रोज दहा मिनिटे, घरच्या माणसाला एक निरोप, एवढा सराव ठेवा. सायकल शिकताना याहून जास्त गुडघे फुटले होते!

एक इशारा मात्र मनावर घ्या. कळफलक हे अ‍ॅप तुम्ही लिहिता ते प्रत्येक अक्षर पाहते. त्यात निरोप आले तसे बँकेचे गुप्त शब्दही आले. म्हणून नवा कळफलक चालू करताना फोन तुम्हाला सावध करतो. कुणी पाठवलेल्या दुव्यावरून, अनोळखी कर्त्याचा, रंगीबेरंगी चित्रांचा कळफलक घेऊ नका. घरात परका माणूस ठेवताना करतो तेवढी तरी चौकशी करा.

आणि महाविद्यालयात अ‍ॅप करणाऱ्या मुलांना, त्यांच्या शिक्षकांना माझे सांगणे असे. आज्ञावली लिहिणे हा कामाचा एक भाग. 'कीलेख' पासून 'स्वरचक्र' पर्यंत नऊ वर्षे गेली, ती काही फक्त आज्ञावली लिहिण्यात गेली नाहीत. लोकांच्या हातात वस्तू द्यावी, ती कुठे अडखळतात ते मुकाट्याने पाहावे, चुका मोजाव्यात, मांडणी बदलावी आणि पुन्हा द्यावी, ही या विद्येची रीत आहे. तुमच्या अ‍ॅपची परीक्षा वर्गमित्राकडून घेऊ नका. त्याला तुमच्याइतकेच येते. मैत्रिणीच्या आईकडून घ्या, शाळेच्या शिपायाकडून घ्या, मासळी विकून दुपारी घरी परतणाऱ्या मावशीकडून घ्या. दुसरे असे की, अ‍ॅप करणारी मुले पदवी घेऊन निघून जातात आणि मागे त्या अ‍ॅपला कोणी वाली राहत नाही. जाण्यापूर्वी धाकट्या वर्गातल्या दोघांना ते समजावून द्या, सगळे लिहून ठेवा. नाहीतर चुकीच्या तारखा दाखवत बसणारे अनाथ अ‍ॅप हे नसलेल्या अ‍ॅपपेक्षा वाईट.

त्या जव्हारच्या मुलीची गोष्ट मी अर्धी सोडली होती. पैसे त्या वर्षी गेले ते गेलेच. पण ज्या मुलांनी अ‍ॅप केले होते, त्यांना ती गोष्ट लागली. त्यांनी सूचना मराठीत द्यायला सुरुवात केली. पहिल्या सूचनेत शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या. मराठीचा अध्यापक म्हणून मी एरवी लाल शाई काढली असती. त्या दिवशी काढली नाही. कारण पुढच्या वेळी त्या मुलीने मला फोन दाखवला. शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी आईचा निरोप आला होता, तिने स्वतः, एकेक अक्षर शोधून लिहिलेला, देवनागरीत: "कागद दे."

दोनच शब्द. पण ते वेळेवर पोचले होते.